थालीपिठाची भाजणी विकायची तर कागदं कोणती?

चिपळूणची सून: दिवाळीपासून ओळखीत भाजणी देतेय. आता वाणी म्हणतो, पाकिटावर नंबर पाहिजे. एजंट नुसत्या उद्यमचेच (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) २,५०० मागतोय. देऊ का?

तात्या: छे! उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. आधार, पॅन घेऊन बसा. वाण्याला हवाय तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याचा १४ आकडी नंबर, तो वेगळा.

गिरणीवाली: मीही अशीच पैसे देऊन बसले होते, ताई. एक-दोन बायका कामाला ठेवल्यात तरी गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीसाठी, सरकारला ऑनलाइन सूचना दिली की पुरते.

चिपळूणची सून: उद्यम झालं, तात्या! ओटीपी मात्र सासऱ्यांच्या मोबाइलवर गेला, रात्री अकराला उठवलं त्यांना. आता चाळणी बाजूला ठेवून एफएसएसएआयचा फॉर्म भरतेय.