झडप बदललेल्या भावाला तीन आठवडे ताप, हृदयाशी संबंध असेल का?

गोदाकाठ:
धाकटा भाऊ, वय 31. लहानपणी फॅलोटचं (जन्मजात हृदयदोष) ऑपरेशन झालेलं, दोन वर्षांपूर्वी पल्मनरी (हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची) झडपही बदलली. गेले तीन आठवडे संध्याकाळ झाली की कणकण, रात्री घामाने बनियन भिजतं, जेवण तुटलंय. खोकला-सर्दी काही नाही. फॅमिली डॉक्टरांनी विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) करून टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरा, संपल्या की ताप परत. महिन्यापूर्वी दाढ काढली होती. तो म्हणतो, "हृदयाचं काम झालं की तेव्हाच, आता त्याचा काय संबंध?" कोणाला असा अनुभव आहे का?

रानजाई:
संबंध असू शकतो, आणि सोमवारची वाट बघू नका. झडप जिथे बदलली तिथे आजच न्या. लांब असेल तर जवळच्या हार्टच्या हॉस्पिटलात.

मीही फॅलोटचीच. मला एंडोकार्डायटिस होऊन गेलाय, म्हणजे झडपेवरच जंतूंचं पुटकुळं धरतं. जंतू त्यात दडून बसतात. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी ताप उतरतो, पण मुळापर्यंत औषध पोचत नाही. "गोळ्या संपल्या की ताप परत" हे तुमचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

केसपेपर काढतानाच सांगा: कृत्रिम झडप आहे, तीन आठवडे ताप आहे, ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) हवं. अँटिबायोटिकचा पुढचा डोस देण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून टोचून कल्चरचे तीन संच घेतात. आधीच्या गोळ्यांमुळे कल्चर कोरं येऊ शकतं, म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा सोबत न्या. कुठली कधी घेतली ते डॉक्टरांना कळू दे.

छातीवरून केलेला इको नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. कृत्रिम झडपेच्या सावलीत पुटकुळं लपतं. मग अन्ननलिकेतून इको करतात, कधी पेट-सीटी स्कॅन. त्याची झडप उजव्या बाजूची, तिथून सुटलेले तुकडे फुफ्फुसात जातात. एक्स-रेवर डाग दिसले की आपल्याकडे टीबीचा संशय आधी येतो. तसं कोणी म्हणालं तर झडपेची आठवण नक्की करून द्या. माझा संसर्ग डाव्या बाजूला, महाधमनीच्या झडपेवर होता. नखांखाली कुसळ घुसल्यासारख्या तपकिरी रेघा उमटल्या होत्या, त्या एका सिस्टरने टिपल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

दम लागला, बोलताना जीभ अडखळली, भोवळ आली तर क्षणभरही थांबू नका.

खडकवासला:
मला जन्मतः छोटं व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) आहे, कधी ऑपरेशन नाही. मीही दाढ काढायच्या आधी अँटिबायोटिक घ्यायचं का?

दंतवैद्य_सांगली:
खडकवासला, नुसत्या छोट्या व्हीएसडीला सहसा लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक कोणाला द्यायचं ही यादी आखडती केली. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस झालेले, ऑपरेशन न झालेले निळसर आजाराचे (जन्मजात दोषामुळे ओठ-नखं निळी पडतात असे) रुग्ण, आणि पॅच किंवा डिव्हाइस बसवल्यानंतरचे पहिले सहा महिने, हे त्यातले मुख्य. त्यांना हिरड्यांवर काम करायच्या 30 ते 60 मिनिटं आधी अमॉक्सिसिलीन 2 ग्रॅम, एकच डोस. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. अशा ॲलर्जीत पूर्वी देत ते क्लिंडामायसिन 2021 पासून सुचवत नाहीत.

पण डोसपेक्षा मोठी गोष्ट रोजची. सुजलेल्या हिरड्यांतून नुसतं ब्रश करताना, चावतानाही जंतू रक्तात जातात. व्हीएसडीवाल्यांनीही सहा महिन्यांनी दात तपासून घ्यावेत. आणि गोदाकाठ, तुमचा भाऊ या यादीत बसतो. त्याचं हृदयाचं कार्ड यापुढे दाताच्या दवाखान्यातही दाखवा.

गोदाकाठ:
रात्रीच नेलं. तिन्ही कल्चर घेतली, ॲडमिट करून घेतलंय. साध्या इकोत नीट दिसत नाही, उद्या घशातून करणार आहेत. ठरलं तर सहा आठवडे शिरेतून औषध, असं म्हणाले. त्याच्या हातांच्या शिरा आत्ताच सुजल्यात. इतके दिवस कसं निभावतं?

रानजाई:
बरं केलंत. पिक लाइनबद्दल डॉक्टरांना विचारा. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी घालतात, रोज नवी सुई टोचावी लागत नाही. आंघोळीला दंडावर प्लास्टिक बांधा, नळीभोवती लाल झालं तर लगेच सिस्टरना दाखवा. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक चालू केलं तर कानात गुणगुण होते का, तेही त्याला रोज विचारा. मला झाली होती, वेळीच सांगितल्यामुळे डॉक्टरांनी औषध बदललं.