मदत हवी आहे: वजन ११६ किलो, स्नोमोबाइलची उडी मारली की मागचं सस्पेन्शन खाट्कन बसतं

मंडळी नमस्कार. इंदूरच्या माणसानी विचारण्यासारखा विषय नाहीये हे माहितीये, आमचा बर्फाशी संबंध रसवंतीवाल्याच्या लादीपुरता, तरी विचारून राहिलोय कारण जानेवारीत परत जायचंय आणि मागच्या वेळची कंबर अजून आठवणीत आहे.

आतेभाऊ मिनेसोटात अगदी वरती, कॅनडाच्या हद्दीजवळ राहतो. त्याच्याकडे स्लेज आहे (तिकडे स्नोमोबाइलला सगळे स्लेड म्हणतात, मी आपलं स्लेज म्हणतो), ८५० टू-स्ट्रोक, १३७ इंची ट्रॅक (खालचा फिरणारा रबरी पट्टा), मागे टॉर्शन स्प्रिंग (पीळ बसून जोर देणारी). गेल्या फेब्रुवारीत त्याच्या शेताच्या कडेला वाऱ्यानी साचलेला एक ढिगारा होता, साधारण कमरेएवढा. भाऊ त्यावरून वीसेक वेळा आरामात गेला. मी म्हटलं आपण पण महू-चोरल साइडला मातीत बाइक उडवलेली आहे, हे काय. गेलो. वर जाताना नाक आकाशाकडे, समोर काही दिसेना, मग शेपूट आपटलं, खाट् असा लोखंडी आवाज आला आणि मग पुढच्या स्की धप्प. डाव्या बाजूचा रनिंग बोर्ड (पाय ठेवायची पट्टी) वाकला आणि माझ्या पाठीत जी कळ गेली ती परतीच्या विमानात पण सोबत होती. भाऊ हसला आणि म्हणाला वजन कमी कर. बायको म्हणाली सराफा (आमचा रात्रीचा खाऊबाजार) बंद कर. दोन्ही सल्ले मिळालेले आहेत तेव्हा ते कृपया परत देऊ नयेत, त्यात आता गराडूचा (तळलेल्या कंदाचा) सीझन सुरू झालाय.

मी पिथमपूरला स्प्रिंगच्याच धंद्यात आहे म्हणून थोडी आकडेमोड केली. स्लेज अंदाजे २३० किलो, मी कपडे-हेल्मेट धरून १२२, एकूण ३५२. भाऊ सगळं धरून ८४, म्हणजे ३१४. फरक फक्त १२ टक्के! मीटरभर उंचीवरून सपाट पडलो आणि ४० सेंटिमीटरमधे थांबलो तर सरासरी जोर वजनाच्या साडेतीन पट, हे दोघांनाही सारखंच. मग १२ टक्क्यात तो हसत उतरतो आणि मी वाकडा होऊन, हे कसं? माझा अंदाज असा की मी बसल्यावर मागचं आधीच दबतं म्हणून उतरताना ट्रॅव्हल (सस्पेन्शनला दबायला जागा) उरतच नाही. बरोबर आहे का? प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवून भागेल का स्प्रिंगच बदलायची?

थंडगार (अल्बर्टा)
अंदाज अर्धा चुकलाय. हवेत गेल्यावर सस्पेन्शन पूर्ण उघडतं, त्यामुळे उतरताना ४० चे ४० तुला मिळतातच. घोळ जमीन सोडायच्या आधी होतो. तू बसलास की मागचं दबतं, त्यात ढिगाऱ्यावर गॅस दिलास की वजन अजून मागे जातं, म्हणजे स्लेज नाक वर करूनच निघते. मग शेपूट आधी टेकतं आणि ३५२ किलो मागच्या सस्पेन्शनवर एकट्यावर येतात, स्कीचे शॉक मोकळे बसून बघत असतात. भाऊ जवळपास सपाट उतरतो, त्याचं वजन पुढे-मागे वाटलं जातं. तुझ्या १२ टक्क्यांचं उत्तर हे आहे.

आधी सॅग, म्हणजे तू बसल्यावर मागचं किती दबतं ते, मोज. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण उघड, जमिनीपासून उंची घे, मग सगळे कपडे घालून बस, दोनदा हिसका दे आणि परत मोज. फरक ट्रॅव्हलच्या पाव ते एक-तृतीयांश हवा. टॉर्शन स्प्रिंगच्या पायाशी प्रीलोड बदलायचा खाचांचा कॅम असतो, तो फिरवून बघ, पण तू तर धंद्यातलाच आहेस, प्रीलोडनी उंची वाढते, स्प्रिंग कडक होत नाही. शेवटच्या खाचेवर पण जास्त बसत असेल तर जाड तारेची स्प्रिंग घे, जड रायडरसाठी मिळतात. आणि मग शॉकचं रिबाउंड डॅम्पिंग पण वाढव, म्हणजे तो हळू उघडेल, नाहीतर कडक स्प्रिंग उडताना शेपटाला लाथ मारेल आणि आता नाकावर पडशील.

दुसरं म्हणजे अंगठा. आपल्याकडे मूठ पिळायची सवय, इथे गॅस अंगठ्यानी, उजव्या हाताला, आणि जाड ग्लव्हजमधे धक्का बसला की अंगठा आपोआप दाबला जातो. तू चढतानाच पूर्ण दाबला असणार, खरं सांग. हवेत गॅस दिला की नाक वर, डाव्या हाताचा ब्रेक हलका टेकवला की नाक खाली, बाइकच्या मागच्या चाकासारखंच. पण टेकायच्या आत ब्रेक सोडून थोडा गॅस पाहिजे, थांबलेला ट्रॅक जमिनीला लागला तर पट्टा-चेन सगळ्याला झटका बसतो.

बडोदेकर फिजिओ
मशीनचं झालं, माणसाचं बोला. उतरताना तुम्ही सीटवर बसलेले होतात का? तसं असेल तर धक्का सरळ मणक्यात गेला. छाती जिथे संपते आणि कंबर सुरू होते तिथला मणका अशा आपटण्यात दबतो, स्नोमोबाइलवाल्यांमधे ही नेहमीची दुखापत आहे. उभं राहायचं, गुडघे वाकवलेले, वजन पायांवर. कळ किती दिवस राहिली ते लिहिलं नाहीत. आठवड्याच्या वर असेल तर जायच्या आधी एक्स-रे काढा, उगाच मोठेपणा नको. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर जानेवारीची वाट बघू नका, लगेच दाखवा.

पोहेजलेबी५६
भिया तू जायच्या आधी रालामंडलच्या टेकडीवर ट्रायल घे ना, बर्फ आम्ही सराफ्यातून आणू.

थंडगार (अल्बर्टा)
एक राहिलंच. तिकडे रस्त्याकडेच्या चरातून स्लेज चालवतात आणि घरांचे ड्राइव्हवे आडवे येतात, त्यांच्यावरून उडायचा मोह होतो. पलीकडे बहुतेक सपाट कडक बर्फ असतो, कधी मोरीचा पाइप निघतो, कधी वर गाडी उभी असते. जड माणसानी उतार शोधावा, उतारावर टेकलं की धक्का निम्माही वाटत नाही. आणि आधी पायी जाऊन पलीकडची बाजू बघ, बर्फाखाली कुंपणाची तार असते.

धागाकर्ता
सगळ्यांना धन्यवाद. हो, बसलेला होतो. हो, अंगठा पूर्ण दाबलेला होता, भावानी व्हिडिओ परत बघून कन्फर्म केलं. कळ पाच आठवडे होती, ते मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण बायको पण हा धागा वाचते. आता वाचलंच आहे तर मंगळवारी एक्स-रे आहे.

काल रात्री व्हिडिओ कॉलवर सॅग मोजला. मी इथे, स्लेज तिथे गॅरेजमधे, मग माझं वजन कुठून आणायचं? भावाकडे पाणी मऊ करायच्या मशीनला लागणाऱ्या मिठाच्या पिशव्या असतात, एक १८ किलोची. तो हेल्मेट-बिल्मेट घालून बसला आणि मागे सीटवर दोन पिशव्या ठेवल्या, झाला मी. त्याचा एकट्याचा सॅग १२ सेंटिमीटर, मीठ धरून १८. कॅम शेवटच्या खाचेवर नेला तरी १५ च्या खाली येईना. म्हणजे स्प्रिंगच बदलायची, त्यानी चौकशी सुरू केलीये.

आता प्रश्न एवढाच उरलाय की जाड स्प्रिंग लावली तर ८४ किलोच्या भावाला ती दगडासारखी लागणार, आणि मी फक्त तीन आठवडे असणार. दोन्ही स्प्रिंगा ठेवून अदलाबदल करायला गॅरेजमधे साधारण किती वेळ जातो, कोणी केलंय का?