काव्यवाचनात वेळ कशी पाळायची? मदत हवी आहे

स्थानिक कवींचं मासिक काव्यवाचन आहे. हॉल दोन तासच मिळतो, वाढवून मिळत नाही. १६ कवी, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे कागदावर ८० मिनिटं. प्रत्यक्षात प्रस्तावना कवितेपेक्षा लांबते, वर "अजून एक छोटीशी" असतेच, आणि शेवटच्या चौघा-पाचजणांची एकेका कवितेवर बोळवण होते.

घंटा वाजवून पाहिली. मुक्तछंद वाचणाऱ्याची लय तुटते, गझलवाला तोच शेर पुन्हा पहिल्यापासून घेतो. कविता आधी मागवल्या, तर ऐनवेळी वहीतून भलतीच निघते. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवल्यावर रुसवेफुगवे थांबले, वेळ मात्र तशीच. माईकचा प्रश्न सुटलाय: तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवला की 'प', 'फ' फुटत नाहीत.

कवी कमी करायचे नाहीत, सूत्रसंचालक एकच आहे. माईक बंद करणं सुचवू नका, तो अपमानच. पहिल्या रांगेतून कार्ड किंवा छोटा दिवा दाखवणं कुणी वापरलंय का? वहीत डोकं घातलेल्या कवीला ते दिसतं का, आणि खूण कितव्या मिनिटाला द्यावी?