अनुभव धागा : आमची सुभेदारीण आजी

आजी गेल्या महिन्यात गेली. नव्वदीला काही महिने कमी होते. पेडण्यात तिला सगळे सुभेदारीणच म्हणत. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचा हुद्दा तिच्याकडे राहिला. आजोबांची पदकं काचेच्या कपाटात आहेत, त्यांच्या लढाया घरातल्या पोरांनाही पाठ आहेत. आजीचं मात्र कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. बाराव्याला ओसरीवर बसून जे बोललात, ते इथं लिहा. नुसतं गोडगोड नको, तिलाही ते चाललं नसतं.

धाकटी बहीण, पेडणे
ताईचं लग्न 1955 च्या मे महिन्यात झालं, सावंतवाडीकडच्या घरात. भावोजी मराठा पलटणीत. आई म्हणाली, बांद्याच्या पलीकडेच तर आहे, सकाळी निघाली तर जेवायला माहेरी. पेडणे तेव्हा पोर्तुगीजांच्या गोव्यात. त्याच 15 ऑगस्टला सरहद्दीवरच्या पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वाट बंद झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण तिचं सासरी झालं. 1961 च्या डिसेंबरात गोवा सुटला, तेव्हा कुठं ती पुन्हा आमच्या अंगणात आली. बरोबर पाच वर्षांची मुलगी. आई पुढं झाली तशी पोर ताईच्या पदराआड लपली. आईला ते फार लागलं. ताई मात्र सरळ चुलीपाशी गेली आणि हुमण, आमची माशांची आमटी, केलंय का म्हणून विचारलं.

थोरली लेक, फोंडा
लपले ती मीच, मावशी.
बाबांची फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी नेमणूक, असली की आम्ही सावंतवाडीत, पीस पोस्टिंग, म्हणजे छावणीतली नेमणूक, लागली की क्वार्टरमध्ये. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात बाबांचा नंबर आणि नाव. त्यातली एक ट्रंक आईची, तिला कुणी हात लावायचा नाही. आत काय, तर शाळेचे दाखले. दरवर्षी नवी शाळा, पण कुठल्याही हेडमास्तरांना दाखल्यावरून आम्हाला परत पाठवता आलं नाही.
एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही, ती सांगते. बाबांची मनीऑर्डर माझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या सासऱ्यांच्या नावे यायची आणि आईला मिठासाठीसुद्धा हात पसरावा लागायचा. 1965 च्या लढाईनंतर तिनं बाबांना लिहिलं, निम्मी मनीऑर्डर माझ्या नावे करा. बाबांनी केली. सासरची माणसं कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाहीत. ती म्हणायची, तेवढीच शांतता.

क्वार्टरमधली शेजारीण, बेळगाव
1971 साली दोघींचेही नवरे पूर्वेकडे. पत्त्यावर गाव नसायचं, नुसते आकडे आणि एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल ऑफिस. आमच्या ओळीत तिला तेवढं लिहिता-वाचता येत होतं, म्हणून दुपारी सगळ्या तिच्या दारात. पत्र वाचून दाखवताना ती मधलं काही गाळायची, हे मला पुढं कळलं. ज्या पत्रात नवऱ्यानं अंगावरच्या जखमेचं लिहिलं होतं, ते तिनं बाईला एकटीला आत नेऊन वाचून दाखवलं. आम्हाला सांगितलं, खुशाल आहे. जमालपूर घेतल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हा आम्ही नाचलो. ती नाही नाचली. पहिली मराठा पलटण तिथंच होती, तिचा नवरा त्यातच. म्हणाली, घेतलं ते कळलं, कोण राहिलं ते कुठं सांगितलं? पुढं पत्र येईपर्यंत तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की ती दार लावून घ्यायची. एवढीच एक भीती तिची पाहिली.

धाकटा मुलगा, वास्को
मी नौदलात जातो म्हटल्यावर ती आठवडाभर रुसली. बाबांना म्हणाली, एक दिला तेवढा पुरे नव्हता का? मग स्वतःच बॅग भरली. दाबोळीला हंसावर, म्हणजे नौदलाच्या तळावर, पोस्टिंग झाली तेव्हा वाटलं, आता खूश होईल. तर म्हणे, एवढ्या जवळ आहेस तर चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला का येत नाहीस? ड्यूटी हे कारण तिनं नवऱ्याकडून ऐकलं होतं, मुलाकडून ऐकून घेतलं नाही.

माजी हवालदार, शेजारी
माझ्या मते तिचं मोठं काम सुभेदारांच्या माघारी सुरू झालं. आमच्या तालुक्यात फौजींच्या विधवा बऱ्याच. नवरा भरती झाला तेव्हा कारकुनानं बायकोचं नाव ऐकू आलं तसं लिहिलेलं. काहींचं तर लग्न पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदीत, चढलेलंच नाही. नवरा गेला की पेन्शन अडते. आधारवर एक नाव, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकमावर, दुसरं. एका कचेरीत एका म्हातारीला, तू तीच कशावरून, असं विचारलं. सुभेदारीण तिच्याबरोबर गेली होती. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, साहेब, लिहून द्या की ही ती नाही, मी बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात घेऊन जाते. लिहून कोण देतो!
नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बायकांना गोळा करून न्यायची. म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले, मशीन घेत नाही. ही आदल्या रात्री सगळ्यांना खोबरेल चोळायला सांगायची. चेहऱ्यावरून दाखला होऊ लागला तेव्हा नातीचा फोन घेऊन स्वतः शिकली. ऐंशीला वीस टक्के वाढ, पंच्याऐंशीला तीस, हे तिला तोंडपाठ. नव्वदीचे चाळीस टक्के घेऊनच जाईन म्हणायची. तेवढे सरकारचे वाचले.

सून, घरचीच
सगळे चांगलं लिहिताहेत म्हणून मीही लिहिते. उकड्या तांदळाची पेज सात वाजता म्हणजे सातला. चादरीचा कोपरा मोडलेला दिसला की पुन्हा घालायला लावायची. पहिली काही वर्षं मी रडले आहे. माझ्या आईच्या आजारपणात मात्र, तू जा, घर मी बघते, असं तीच म्हणाली आणि खरंच बघितलं.

पाडेली (माडावरचे नारळ पाडणारा)
माझ्यासाठी नातीनं लिहिलंय. सुभेदारीण फौजी कॅन्टीनच्या कोट्यातली रम आणायची, स्वतः कधी घेतली नाही. माड पाडून झाले की एक बाटली मला. पण आधी नारळ मोजून घ्यायची, बाटली नंतर. आता कार्ड बंद झालं असेल. यंदाचे माड अजून पाडायचे आहेत, कुणीतरी दिवस सांगा.