लेखापरीक्षकाविरुद्धची तक्रार एनएफआरएकडे (मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) करावी की आयसीएआयकडे (सनदी लेखापालांची संस्था)?

नमस्कार. शेअर बाजारात सूचीबद्ध नसलेल्या एका पब्लिक लिमिटेड कंपनीचा मी छोटा भागधारक आहे. माझ्या प्रश्नाला कंपनीने दिलेल्या लेखी उत्तरातून असे कळले, की कंपनीचे हिशेब लिहिण्याचे काम ज्या फर्मकडे आहे, तिचा एक भागीदार कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण करणाऱ्या फर्ममध्येही भागीदार आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 144 नुसार लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे हिशेब प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे लिहिता येत नाहीत, आणि भागीदारांमार्फत केलेले कामही त्यात मोडते. हिशेब लिहिणारे आणि ते तपासणारे एकच असतील, तर माझ्यासारख्याने त्या अहवालावर विसंबायचे कसे?

अडचण आहे ती अधिकारक्षेत्राची. एनएफआरएच्या 2018 च्या नियमांनुसार सूचीबद्ध नसलेली पब्लिक कंपनी तिच्या कक्षेत येण्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चला भरणा झालेले भांडवल किमान 500 कोटी, वार्षिक उलाढाल किमान 1000 कोटी, किंवा कर्जे, कर्जरोखे व ठेवी मिळून किमान 500 कोटी रुपये असावे लागतात. यांपैकी एक अट पुरेशी आहे. आमच्या कंपनीचे कर्ज 31 मार्च 2022 रोजी 500 कोटींच्या वर होते, पण वर्षभरात बरेचसे फेडल्यामुळे ते पुढच्या मार्चला मर्यादेखाली आले. माझी तक्रार 2023-24 च्या लेखापरीक्षणाबद्दल आहे. मर्यादेखाली आल्यावरही तीन वर्षे कंपनी एनएफआरएच्या कक्षेत राहते, अशी तरतूद त्याच नियमांत आहे. ती इथे लागू होईल ना, आणि ही तीन वर्षे नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायची?

एका परिचित सनदी लेखापालांचे म्हणणे असे, की सरळ आयसीएआयकडे जावे, कारण 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याखाली तिचे शिस्तपालन सर्वच सदस्यांना लागू आहे, मग कंपनी केवढीही असो. मात्र कंपनी कायद्याच्या कलम 132 नुसार एनएफआरएने चौकशी सुरू केली, की त्याच गैरवर्तनाबद्दल अन्य संस्थेला कारवाई सुरू करता किंवा चालू ठेवता येत नाही. नुसती तक्रार दाखल झाली असेल आणि चौकशी अजून सुरू नसेल, तर दोन्हीकडे अर्ज करणे योग्य ठरेल का?

दंड किंवा बंदी व्हावी यापेक्षा हे हिशेब संबंध नसलेल्या कोणीतरी पुन्हा तपासावेत, एवढीच माझी इच्छा आहे. माझ्या हाती कंपनीचे पत्र आणि दोन्ही फर्मच्या भागीदारांची यादी आहे. प्राथमिक पुरावा म्हणून एवढे चालेल का, हे अशी तक्रार प्रत्यक्ष हाताळलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे.