‘जैसे थे’ म्हणजे कोणत्या तारखेचं?

जळगाव
कारखान्यात पाळ्या बदलल्याच्या वादात कोर्टाचा ‘परिस्थिती जैसे थे ठेवावी’ असा आदेश आला की युनियन गेटवर सांगते, ‘जसं व्हतं तसं!’ व्यवस्थापन मात्र नव्याच पाळ्या चालवत राहतं. खरा अर्थ कोणाचा?

भुसावळ
बहुधा व्यवस्थापनाचा, भाऊ. ‘थे’ भूतकाळी दिसतं, तिथेच फसगत होते. कोर्टात हा ‘स्टेटस को’चा, म्हणजे ‘आहे ती स्थिती’चा प्रतिशब्द आहे. आदेशात तारीख नसेल तर साधारणपणे आदेशाच्या दिवशीची स्थिती धरतात. तीनच्या दोन पाळ्या १ तारखेला झाल्या आणि आदेश १० तारखेला आला, तर दोनच पाळ्या गोठल्या! बदलाआधीचं परत हवं तर ‘पूर्वस्थिती’ मागावी लागते, वकिलांच्या तोंडी ‘स्टेटस को अँटे’. अंतरिम टप्प्यावर, म्हणजे अंतिम निकालाआधी, ती सहजी मिळत नाही, कारण ती दिली म्हणजे जवळपास अंतिम दादच दिली. म्हणून बदल अमलात येण्याआधी अर्ज करायचा आणि मागणीत तारीख घालायची: ‘दि. अमुक रोजी असलेल्या पाळ्या, सुट्टीचा वार व भत्ते कायम ठेवावेत.’

धुळे
त्यासाठी वेळ मिळतो तो मालकाला बदलाआधी द्यावी लागणाऱ्या नोटिशीमुळे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ९-अ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४०. मुदत तीच, २१ दिवस. ‘उद्यापासून’ म्हणून बोर्डावर डकवलेला कागद ही नोटीस नव्हे. पण ‘बदल’ही बोलीतला नाही, कायद्याच्या अनुसूचीतला, म्हणजे जोडलेल्या यादीतला हवा: वेतन, भत्ते, कामाचे तास, रजा, पाळ्या, श्रेणी वगैरे. सेटलमेंटनुसार, म्हणजे मालक-कामगार करारानुसार केलेल्या बदलाला नोटीस लागत नाही, म्हणून जुना करार आधी वाचा. रविवारची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या वारी नेण्यालाही नोटीस हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने टाटा आयर्न अँड स्टीलच्या प्रकरणात १९७२ मध्ये धरलं.

अमळनेर
जुन्या गिरणीवाल्यांच्या तोंडी ‘बेचाळीसची नोटीस’ येते. ते १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाचं कलम ४२. त्याची आणि ९-अ किंवा ४० च्या नोटिशीची सरमिसळ करू नये.

अर्जात ‘सवलत’ शब्दही जपून वापरा. ‘मालक मेहरबानीने चहा देत होता’ असं स्वतःच लिहिलं की समोरचा म्हणणार, मेहरबानी होती, थांबवली. ‘रूढ सवलत’ किंवा ‘वहिवाट’ लिहा आणि किती वर्षं, सगळ्यांना की ठरावीक खात्याला, कोणत्या अटीवर, हे मांडा. पगारपत्रकं, हजेरीपट, कँटीनची बिलं जोडा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर वहिवाट शाबीत करणं जड जातं.

जळगाव
आणि वाद ‘प्रलंबित’ असताना बदल करता येत नाही म्हणतात, तो प्रलंबित कधी धरायचा? मागणीपत्र दिलं की झालं का?

भुसावळ
नाही. समेटाची किंवा न्यायाधिकरणाची कारवाई सुरू झालेली हवी. मग जुनं कलम ३३, आता संहितेचं ९०: वादाशी जोडलेल्या बाबीत कामगारांचं नुकसान होईल असा बदल लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. वाद बोनसचा आणि बदल पाळीचा असेल तर हे कलम चालणार नाही. म्हणून मागणीपत्रात पाळ्यांचा मुद्दा वेगळा क्रमांक देऊन लिहा.