शिक्षा, दोषसिद्धी, विनयभंग, बलात्कार: टर्नर खटल्याबद्दल लिहिताना कोणता शब्द कुठे?

मुद्रितशोधक
महाविद्यालयीन खेळाडूंच्या लैंगिक गुन्ह्यांवरच्या एका लेखात ब्रॉक टर्नर खटल्याचा परिच्छेद आहे. मसुदा असा: 'स्टॅनफर्डचा विद्यार्थी व जलतरणपटू टर्नर याला विनयभंगाबद्दल सहा महिने तुरुंगवास झाला. पीडितेच्या जबाबाने अमेरिका हादरली. सौम्य शिक्षा देणारे न्यायाधीश ॲरन पर्स्की बडतर्फ झाले.' 'विनयभंग' खटकतो आहे. 'बलात्कार' लिहावे, तर त्या कलमाखाली तो दोषी ठरलेला नाही. काय करावे?

विधी-अनुवादक
'विनयभंग' आधी काढा. हा शब्द आपल्याकडे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मुळे रुळला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये आहे. किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षे अशा शिक्षेचा तो गुन्हा आहे. टर्नरवर सिद्ध झालेले तीन गुन्हे त्याहून फार गंभीर आहेत:

नशेत असलेल्या व्यक्तीवर बलात्काराच्या हेतूने हल्ला. नशेत असलेल्या व्यक्तीच्या शरीरात 'परक्या वस्तू'ने प्रवेश. आणि बेशुद्ध व्यक्तीच्या शरीरात तसाच प्रवेश.

'नशेत' आणि 'बेशुद्ध' ही दोन वेगळी कलमे आहेत, त्यांना एका शब्दात गुंडाळू नका. 'परकी वस्तू' हा शब्दशः अनुवादही फसवा आहे. वाचकाला वाटते, एखादे हत्यार वापरले असावे. कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेतल्या कलम २८९ मध्ये या संज्ञेत लैंगिक अवयव सोडून शरीराचा कोणताही भाग येतो, म्हणजे बोटेही. मराठीत 'बोटांनी वा वस्तूने' असे सरळ लिहावे.

आता 'बलात्कार'. टर्नरवर सुरुवातीला बलात्काराचेही दोन आरोप होते, ते खटला उभा राहण्याआधी सरकारी पक्षाने मागे घेतले. कॅलिफोर्नियाच्या कलम २६१ मध्ये त्या वेळी बलात्काराची व्याख्या संभोगापुरती होती. आपली व्याख्याही २०१३ पर्यंत तशीच अरुंद होती. ती रुंद करावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 'साक्षी' या संस्थेच्या खटल्यात २००४ साली मान्य केली नव्हती. २०१३ च्या दुरुस्तीनंतर कलम ३७५ मध्ये (आता न्याय संहितेचे कलम ६३) वस्तूने किंवा शरीराच्या अन्य भागाने केलेला प्रवेशही बलात्कारच ठरतो. म्हणजे हेच कृत्य आज भारतात घडले, तर आरोपपत्रात बलात्काराचेच कलम लागेल आणि किमान शिक्षा दहा वर्षे असेल.

म्हणून 'भारतीय कायद्याच्या व्याख्येनुसार बलात्कार' हे वाक्य अचूक आहे. 'बलात्काराच्या कलमाखाली दोषी' हे चूक आहे. नुसते 'लैंगिक अत्याचार' बरोबर असले, तरी त्यात छेडछाडीपासून सगळेच सामावते. त्यामुळे तीन गुन्ह्यांपैकी निदान एक तरी उलगडून लिहाच.

न्यायालय-वार्ताहर
मला 'सहा महिने तुरुंगवास झाला' हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठी बातमीत 'शिक्षा झाली' म्हटले की दोषी ठरणे आणि शिक्षा सुनावणे या दोन्ही गोष्टी एकत्र होतात. इथे सगळा वाद त्या दोहोंतल्या अंतराचा होता.

गुन्हा १८ जानेवारी २०१५ च्या पहाटेचा. दोन स्वीडिश विद्यार्थी सायकलवरून जात होते, त्यांनी टर्नरला बेशुद्ध तरुणीवर अत्याचार करताना पाहिले आणि पळताना धरून ठेवले. ज्यूरीने ३० मार्च २०१६ रोजी त्याला तिन्ही गुन्ह्यांत दोषी ठरवले: ही दोषसिद्धी. २ जून २०१६ रोजी न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली. कमाल १४ वर्षे शक्य होती, सरकारी पक्षाने सहा वर्षे मागितली होती. मिळाले सहा महिने आणि तीन वर्षे परिवीक्षा (कारागृहाऐवजी अटींवर, देखरेखीखाली बाहेर राहणे), शिवाय लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत आयुष्यभर नाव. चांगल्या वर्तनाची सूट धरून तीन महिन्यांत, २ सप्टेंबरला, तो बाहेर आला.

हे सहा महिनेही राज्य कारागृहातले नव्हते, परगण्याच्या तुरुंगातले होते. आपण दोन्हींना 'तुरुंग' म्हणतो. तिथे पहिल्यात दीर्घ मुदतीचे, गंभीर गुन्ह्यांचे कैदी असतात, तर दुसऱ्यात कच्चे कैदी आणि सामान्यतः कमी मुदतीचे. बलात्काराच्या हेतूने हल्ला केल्यावर परिवीक्षा एरवी नाकारायची, फक्त 'असाधारण' प्रकरणात द्यायची, असे कलम होते. न्यायाधीशांनी हे प्रकरण असाधारण मानले. लोक चिडले ते यावर. बळजबरीच्या बलात्काराला कारागृह सक्तीचे होते, बेशुद्ध व्यक्तीवरच्या अत्याचाराला मात्र नव्हते. ही फट त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नव्या कायद्याने बुजवली गेली. सोबतच्या दुसऱ्या कायद्याने, गुन्ह्याचे गांभीर्य ठरवताना संमतीविना केलेला प्रत्येक लैंगिक हल्ला बलात्कार मानता येईल असे जाहीर केले. त्याने शिक्षेचे आकडे मात्र बदलले नाहीत.

'परिवीक्षा' वाचकाला कळणार नाही असे वाटले तर 'प्रोबेशन' लिहा. 'पॅरोल' नको. पॅरोल कारागृहातून सुटताना मिळतो, प्रोबेशन शिक्षा सुनावतानाच.

आणि 'विद्यार्थी'च्या आधी 'माजी' हवे. अटकेनंतर काही दिवसांतच त्याने विद्यापीठ सोडले होते. दोषसिद्धीनंतर 'आरोपी'ही नको, 'दोषी'.

साक्षांकन
'जबाब' हा शब्द चूक आहे. जबाब पोलीस नोंदवतात आणि साक्ष खटल्यात होते. हे तिसरेच होते: दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षा ठरण्याआधी, त्या तरुणीने थेट दोषीला उद्देशून न्यायालयात वाचलेले निवेदन. 'निवेदन' एवढे पुरे. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण छापून आले आणि लाखो लोकांनी वाचले.

तिचे नाव तेव्हा 'एमिली डो' असे बदलून दिले जात होते. सप्टेंबर २०१९ मध्ये तिने स्वतः आपण शनेल मिलर असल्याचे जाहीर केले, म्हणून आता नाव लिहायला हरकत नाही. पण २०१६ चा प्रसंग सांगताना 'तेव्हा निनावी' असे जोडा. भारतातल्या प्रकरणात ही मोकळीक घेऊ नका. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, तिची लेखी परवानगी हा त्यातला एक अपवाद.

विधी-अनुवादक
'बडतर्फ'ही काढा. शिस्तभंगाबद्दल वरिष्ठ काढतात, ती बडतर्फी. राज्याच्या न्यायिक आचरण आयोगाला डिसेंबर २०१६ मध्ये पर्स्की यांच्याकडून गैरवर्तन झाल्याचे आढळले नव्हते. त्यांना ५ जून २०१८ रोजी सांता क्लारा परगण्याच्या मतदारांनी मतदानाने पदावरून हटवले. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असे पहिल्यांदाच घडले. हे 'महाभियोग'ही नव्हे, तो विधिमंडळ चालवते. यात न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याची काळजी असलेल्यांनी विरोध केला होता, तोही मुद्दा लेखात यावा. 'बडतर्फ' लिहिलेत की तो नाहीसाच होतो.

मुद्रितशोधक
आभार. टर्नरच्या वडिलांनी शिक्षेआधी न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातल्या त्या '२० मिनिटांच्या ॲक्शन'चे काय? मसुद्यात 'मौज' आहे.

साक्षांकन
'मौज' म्हणजे त्यांनी न लिहिलेला शब्द त्यांच्या तोंडी घालणे. 'कुकर्म' उलट दिशेने तेच करते. 'कृती' लिहा. मुलाच्या वीसहून अधिक वर्षांच्या आयुष्यातल्या २० मिनिटांच्या कृतीची ही फार मोठी किंमत आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि वाक्य तसेच्या तसे ठेवले तरी वाचकाला जे कळायचे ते कळते.

मुद्रितशोधक
सुधारित: 'स्टॅनफर्डचा माजी विद्यार्थी व जलतरणपटू ब्रॉक टर्नर बेशुद्ध तरुणीवरील लैंगिक अत्याचारासह तीन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरला. सरकारी पक्षाने सहा वर्षे मागितली असताना त्याला परगण्याच्या तुरुंगात सहा महिने व तीन वर्षे प्रोबेशन सुनावण्यात आले. तेव्हा निनावी असलेल्या शनेल मिलर यांच्या निवेदनाने देश हादरला. दोन वर्षांनी मतदारांनी न्यायाधीश पर्स्की यांना पदावरून हटवले.'

न्यायालय-वार्ताहर
छापा. फक्त 'तीन महिन्यांत सुटला' तेवढे घाला.